मास्तरांचे दोन ज

गुरुपाद मास्तर गिरणीच्या भोंग्याला गाणं शिकवणार आहेत, असं आमच्या शाळेत सगळ्याजणी म्हणायच्या. त्यात थट्टा होती, पण निव्वळ थट्टा नव्हती. तीस सालानंतरच्या त्या सोलापुरात माणसं भोंग्यावर उठायची, भोंग्यावर चूल पेटवायची, संध्याकाळचा भोंगा झाला की पोरांना हाका मारायची. मास्तर तेवढे भोंगा झाला की हातातलं काम टाकून तंबोऱ्याची तार छेडायचे, कान लावायचे आणि कपाळाला आठी घालून म्हणायचे, "आजपण उतरलाय बघा. एवढा मोठा दम देवानं दिलाय, पण सा काय लागंना त्येला. थंडीत तर लईच खाली जातोय." एकदा ते खरोखरच गिरणीत सांगायला गेले होते. फाटकावरच्या पठाणानं त्यांना हाकलून लावलं. परत येऊन आम्हाला म्हणाले, "पठाणाचा आवाज मात्र चांगला हाय. भोंगा काढून त्यालाच उभा करावा की."

मास्तर आमच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचे, मी मराठी शिकवायची. घरंही बाळीवेशीजवळच्या एकाच बोळात, समोरासमोर. उंच, काळेसावळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला रुमाल. चालायचे असे की पुढं कुणीतरी तबला वाजवत चाललंय. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, गंगव्वा. घरातली भाषा कानडी, दारातली मराठी, आणि गाण्यातली कुठलीतरी मथुरेकडची. त्यामुळं मराठीत त्यांची लिंगं कायम सरमिसळ व्हायची. "तंबोरा रुसली आज," असं ते म्हणाले की मुली फिदीफिदी हसायच्या. मास्तर त्यांना पोटभर हसू द्यायचे आणि मग म्हणायचे, "रुसली तर रुसली. समजूत काढायला मी हाय न्हवं?" मी मराठीची मास्तरीण, पण ते वाक्य दुरुस्त करावंसं मला कधी वाटलं नाही. त्यांचा तंबोरा बाईच होता.

शब्दांशी मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मिरजेकडे एका खांसाहेबांच्या घरी पाणी भरून, शिव्या खाऊन ते गाणं शिकले होते. चिजेतली सासू कोण, नणंद कोण, ती का भांडते, याची त्यांना फिकीर नव्हती. एकदा मी न राहवून विचारलं, "मास्तर, या चिजेचा अर्थ तरी काय?"

"शब्द म्हंजे खुंटी, अक्का," ते म्हणाले. "सदरा अडकवायला लागती. सदरा बघायचा. खुंटीकडं कशाला बघता?"

मला राग आला होता. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला राग येणारच. पण वाद घालायला त्यांच्याजवळ जावं, तर ते तेवढ्यात एखादी तान अशी घ्यायचे की आपण काय बोलायला आलो होतो तेच विसरायला व्हायचं.

माझा धाकटा दीर श्रीधर पुण्याला शिकून आला आणि विम्याच्या कचेरीत चिकटला. कविता करायचा, आणि त्याही नव्या तऱ्हेच्या. यमक नाही, वृत्त नाही, ओळ कुठं संपेल त्याचा नेम नाही. "हा कविता लिहितो का तारा ठोकतो?" असं आमचे हे विचारायचे. श्रीधरच्या कवितेत मीठ असायचं, बादली असायची, दोरीवरचं लुगडं असायचं. तो मला म्हणायचा, "वहिनी, चांदण्या पुष्कळ झाल्या. तुम्ही दिवसभर जे शब्द वापरता ना, त्यांचीच कविता झाली पाहिजे." मी म्हणायची, "मग त्यात 'दूध उतू गेलं' घाल." तो खरंच घालायचा.

त्याचं लग्न झालं त्या वर्षी त्यानं सहा कविता लिहिल्या, सगळ्या आमच्या अंगणावर. पहाटेच्या सड्यापासून दिवेलागणीपर्यंत. शेवटची होती त्याच्या नव्या नवरीसाठी. कमल, माझी जाऊ, नातेपुत्याची कोवळी पोर. लग्न होऊन महिना झाला तरी लाजून स्वयंपाकघराच्या बाहेर येत नव्हती. तिला उद्देशून ही कविता:

जरा ये अंगणी.
निंबाखाली सावली
केव्हाची बसली आहे
तुझी जागा धरून.
दिवा मी लावीन,
दार मी लोटीन,
तू नुसती ये.

एका रविवारी श्रीधर ओट्यावर बसून मला त्या सहाही म्हणून दाखवत होता. त्या काळचे कवी कविता वाचत नसत, गळा काढून म्हणत असत; श्रीधर कितीही नवा असला तरी तेवढा जुना होता. समोरून मास्तर आले आणि उभ्याउभ्या ऐकू लागले. संपल्यावर म्हणाले, "कवीसाहेब, पुन्हा म्हणा. पण ह्या टायमाला गाऊ नका."

श्रीधर दुखावला, पण त्यानं साध्या आवाजात वाचल्या. मास्तर निंबाकडं बघत राहिले. सगळं झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, ह्यात खुंटी न्हाय. सगळा सदराच हाय."

त्यानंतरची दोन वर्षं मास्तर दुसरं काही गायले नाहीत. बैठकींची बोलावणी परत पाठवली. सहा कविता घेऊन ते घरात बसले. मी एकदा "सहा गाणी कुठवर आली?" असं विचारलं तर रागावले. "सहा न्हाय. गाणं एकच. खोल्या सहा हायत. एका खोलीतनं दुसरीत जाताना उंबऱ्याला ठेच लागाय नको, म्हणून येळ लागतोय." गावातले गवई हसायचे. गुरुपाद आता तारा गाणार, असं कोणीतरी म्हणालं. ही कोटी मूळची आमच्या ह्यांची; घरातून ती बाहेर कशी गेली ते मी विचारलं नाही.

तबल्याला येल्लय्या होता. दिवसा घरच्या मागावर विणायचा, तिन्हीसांजेला मास्तरांकडं यायचा. घरी तेलुगू, मास्तरांशी मराठी. पहिल्याच दिवशी त्यानं तबल्यावरचा हात उचलला आणि म्हणाला, "मास्तर, ही कविता लंगडी हाय. एक पाय लांब, एक आखूड. ठेका कुठं धरू?"

"मग तू पण लंगड की," मास्तर म्हणाले. "ती जिथं टेकती, तिथं टेक."

आणि येल्लय्या खरंच तसं शिकला. ओळ छोटी आली की तबला थांबून वाट बघायचा, लांब आली की तिच्या मागं चालायचा, आणि तरी सम चुकायची नाही. मला तबल्यातलं काही कळत नाही. पण माणूस माणसासाठी थांबतो तसा तबला थांबलेला मी तिथं पहिल्यांदा ऐकला. दुपारच्या कवितेला मास्तरांनी तीनच सूर वापरले होते. तेच तीन, पुन्हा पुन्हा, हलायला जागा नाही. आपल्याकडच्या चैतातल्या दुपारीसारखे. एकदा तालीम ऐकता ऐकता मी उठून पाणी प्याले, तर मास्तर गाणं थांबवून लहान पोरासारखे हसले. "लागली न्हवं तहान? मग जमलं."

सहावं गाणं त्यांनी शेवटपर्यंत कोणाला ऐकवलं नाही. मग एका संध्याकाळी तंबोरा घेऊन आमच्या ओसरीवर आले. आमचे हे, श्रीधर, येल्लय्या आणि मी. कमल दाराआड. तार लागली आणि मास्तरांनी "जरा" म्हटलं.

 मारवा होता, दिवस बुडतानाचा राग. पाखरं परतून गेल्यावर झाडाखाली जे उरतं, ते त्यांनी त्या दोन अक्षरांत आणलं होतं. कुणीतरी फार सावकाश, काठी टेकत, अंगणात येत होतं. सावली तिथं आधीच बसलेली होती. "दार मी लोटीन" ही ओळ आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी उठा आणि ते दार उघडं धरून ठेवा. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी तोवर काही ऐकलं नव्हतं.

गाणं संपलं. दाराआड बांगड्या वाजल्या. कमल उठून आत निघून गेली होती.

श्रीधर उठून उभा राहिला होता. "मास्तर, हे काय केलंत? मी बायकोला अंगणात बोलावतोय, आणि तुम्ही घरात सुतक आणलंत!"

"बायकोला?" मास्तर गोंधळले. "हितं बायको कुटं हाय? हितं म्हातारपण येतंय की. जरा ये अंगणी. जरा म्हंजे म्हातारपण. आमच्या कानडीत हाय, पुराणात हाय."

"अहो, जरा म्हणजे थोडं! जरा मीठ द्या, जरा सरका, त्यातला जरा!"

"त्यो?" मास्तरांचा खरोखरच विश्वास बसेना. "त्यो बाजारातला? त्यो कवितेत कशाला येईल, कवीसाहेब?"

"तेच तर नवं आहे!" श्रीधर ओरडला.

मला हसू यायला हवं होतं, पण कानातला मारवा हसू देईना. मराठीत ज लिहायला एक आणि बोलायला दोन. एक दातांना चिकटणारा, जाड, जागा, जवळ यांतला. दुसरा टाळूचा, जीव आणि जन्म यांतला. थोडं या अर्थाचा जरा दातांचा. म्हातारपणाचा जरा टाळूचा. मास्तरांच्या कानडी जिभेला टाळूचा तेवढाच ठाऊक होता. त्यात भर म्हणजे जुन्या कवितेत "ये" म्हणजे "येते" असंही चालतं. त्यामुळं मास्तरांची ओळ व्याकरणातही पकडता येईना. जरा ये अंगणी. थोडी बाहेर ये. किंवा, म्हातारपण अंगणात येतंय. पुढची सावली, जागा, दिवा, दार, सगळं दोन्हीकडून लागू पडत होतं. मी श्रीधरला हे सांगायला गेले तर तो माझ्यावरच उखडला.

"नव्या नवरीच्या गाण्यात म्हातारपण? तिनं काय समजायचं? चाल बदला आणि शब्द नीट म्हणा, मास्तर. नाहीतर माझ्या सहाही कविता मला परत हव्यात."

मास्तरांची दोन वर्षं त्या कवितांत गेली होती. एक जरी काढून घेतली तरी ते गाणं उभं राहणार नव्हतं, हे श्रीधरलाही कळत होतं. मास्तर वाद घालतील असं मला वाटलं. ते उठले, तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि म्हणाले, "कविता तुमची. चूक माझी. अक्का, मला ज शिकवा."

तो उन्हाळा आम्ही ज शिकण्यात घालवला. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडं जायची. आत पाऊल टाकलं की गंगव्वा म्हणायची, "बारव्वा, कुंद्र." ये बाई, बस. तिला मराठी तोडकंमोडकं यायचं, पण गूळ-शेंगा पुढं करायला भाषा कशाला हवी? पूर्वी ती रोज संध्याकाळी आमच्या निंबाखाली येऊन बसायची. मग डोळे गेले तशी आतल्या उंबऱ्यावरच बसू लागली. मास्तर तिला "चल, अंगणात सोडतो" म्हणायचे आणि ती नको अशी मान हलवायची. ते बघत बघत त्यांनी तो मारवा बसवला होता, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. त्यांनी सांगितलं ते अगदी साधेपणानं. "आईकडं बघून आली ती चाल. टाकायला सांगतायत, टाकतो. पण आईलाच बाजूला सारल्यासारखं होतंय, अक्का."

धडा म्हणून मी त्यांना वाक्य दिलं होतं: जरा जिरं द्या. पहिला ज दातांचा, दुसरा टाळूचा. मास्तरांनी तो धडा इतका मनावर घेतला की वाण्याच्या दुकानात जाऊन रोज म्हणू लागले. वाणी बिचारा रोज जिरं बांधून द्यायचा. घरात जिऱ्याचे पुडे साठले. गंगव्वा मला एकेक पुडा चाचपून दाखवायची आणि विचारायची, "ह्येचं काय आता लोणचं घालू व्हय?"

आषाढात एके दिवशी बोलता बोलता त्यांचा ज दातांवर आला. स्वच्छ, पुणेरी माणसानं ऐकावा असा. मी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी लगेच तंबोरा घेतला, सूर लावला, आणि ज पुन्हा टाळूला जाऊन बसला. परत केलं, परत तेच. चार-पाचदा झाल्यावर त्यांनी तंबोरा खाली ठेवला. माझ्याकडं बघून हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. "बोलताना येतोय. सूर लावला की पळतोय. सुरात जीभ माझं ऐकत न्हाय, अक्का. आईचं ऐकती."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून धडा घेतला नाही. समोरच्या घरातून तंबोऱ्याचा आवाज यायचा, गाण्याचा यायचा नाही. थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस आमच्याकडं आले आणि श्रीधरसमोर उभे राहिले. आमच्या मोठ्या बाईंनी शनिवारी संध्याकाळी शाळेचा हॉल देऊ केला होता. "पाच गाणी झाली की सहावं सुरू करतो," ते म्हणाले. "तुमी समोर बसा, कवीसाहेब. कुटंबी वाटलं की बिघडलं, हात वर करा. मी तिथंच सा लावतो आणि उठतो. कविता तुमच्या तुमाला."

"सगळ्यांसमोर?" श्रीधरनं विचारलं.

"सगळ्यांसमोरच की. चोरून कशाला?"

हॉल भरला होता. निम्मे लोक गाणं ऐकायला, निम्मे फजिती बघायला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. कमल माझ्याशेजारी आणि तिच्याशेजारी गंगव्वा. येल्लय्यानं तिला जवळजवळ उचलूनच आणलं होतं. मास्तरांनी तंबोरा लावला तेव्हा मला तो नेहमीपेक्षा खाली वाटला. मध्ये टाळ्या वाजवू नका, एवढंच ते म्हणाले आणि सुरू झाले.

पहिल्या पाच गाण्यांबद्दल काय सांगू? सडा पडला, ऊन आलं, बादली विहिरीत गेली. दुपारी हॉलमधल्या अर्ध्या लोकांना तहान लागली असणार. एक कविता कुठं संपली आणि दुसरी कुठं लागली हे कोणाला कळलं नाही. कुठल्याच उंबऱ्याला ठेच लागली नाही. खुसफुसायला आलेले गवई मांडी घालून बसले ते तसेच राहिले. पाचवं गाणं संपत आलं आणि बाहेर गिरणीचा भोंगा झाला. मला वाटलं, आता मास्तर आठी घालणार. पण भोंगा आला तो थेट त्यांच्या सा वर. तंबोरा, मास्तर आणि भोंगा, तिघं एका सुरात. त्यांनी त्या दिवशी तंबोराच भोंग्याइतका उतरवून लावला होता. इतकी वर्षं ज्याला सुधारायला बघत होते, त्याच्याकडं ते आपणच चालत गेले होते. 

भोंगा विरला आणि मास्तर म्हणाले, "जरा."

दातांचा ज! सुरात! मी कमलचा हात घट्ट धरला. यमन होता, मोकळा, हसरा. जरा ये अंगणी. सावली बसली आहे, जागा धरून ठेवली आहे, कशाला लाजतेस? समोर श्रीधरचा चेहरा उजळला. कमलनं मान खाली घातली, पण ती हसत होती हे मला दिसलं. दिवा मी लावीन, दार मी लोटीन, तू नुसती ये. गाणं इथं संपलं असतं तर सगळे खूश होऊन घरी गेले असते.

मास्तर पहिल्या ओळीवर परत आले आणि या वेळी ज टाळूचा होता.

यमन आणि मारवा यांत तसा फरक थोडाच. पंचम सोडायचा आणि रिषभ जरासा उतरवायचा. मास्तरांनी पंचम कधी सोडला ते मला कळलं नाही. रिषभ उतरला तेव्हा मात्र दिव्यावर कोणी हात धरावा तसा अख्खा हॉल झाकोळला. शब्द तेच. सावली तीच, जागा तीच. मघाशी जिला बाहेर ये म्हणत होते तीच बाई त्या अंगणात उभी होती आणि तिचे केस पांढरे झाले होते. मास्तर मग थांबलेच नाहीत. एकदा दातांचा ज, एकदा टाळूचा. एकदा नवरी, एकदा म्हातारी. होता होता अशी वेळ आली की कोणता ज कोणाचा हे, दोन्ही ज शिकवणाऱ्या मलासुद्धा सांगता येईना. त्यांनी चूक सुधारलीही नव्हती आणि सोडलीही नव्हती. एका आयुष्याची दोन टोकं त्यांनी दोन अक्षरांत बांधली होती. माणसाला एवढं कसं सुचतं, हे मला आज म्हातारपणीही कळलेलं नाही.

टाळूचा ज पहिल्यांदा आला तेव्हाच मी श्रीधरकडं पाहिलं होतं. त्याचा हात वर उठला होता. खांद्यापर्यंत गेला होता. येल्लय्याला तो दिसला आणि तबल्यावरची त्याची बोटं अडखळली, पण ओळच लंगडी होती, त्यात ते खपून गेलं. मास्तरांचे डोळे मिटलेले. हात तसाच अधांतरी राहिला. मग "तू नुसती ये" ही ओळ आली, सम आली, आणि तो हात बरोबर समेवर खाली मांडीवर पडला. नव्या तऱ्हेच्या आमच्या कवीनं आयुष्यात पहिल्यांदा दाद दिली होती, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

शेवटची ओळ मास्तर अगदी हळू म्हणाले. तू नुसती ये. कमलच्या पलीकडं गंगव्वा हलली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत, जसं घरातच असावं तसं, ती म्हणाली, "बंदेप्पा." आले रे बाबा.

टाळ्या झाल्या नाहीत. लोक उठायलाही तयार होईनात. श्रीधर पुढं गेला. तो भाषण करील अशी मला भीती होती. त्याला फार भाषण करायची सवय. तो मास्तरांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा ज राहू द्या."

मास्तर आमच्याकडं आले ते आधी कमलकडं. "सूनबाई, चाललं का? रागावलात का काय?"

कमल मास्तरांशी त्याआधी कधी बोललेली नव्हती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बसल्या जागी म्हातारी झाले की हो मी." आणि तशी डोळे भरलेलीच हसायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी अंगणात येऊन बसायला लागली. एका हातानं गंगव्वाला धरून.

मास्तरांनी ते गाणं पुन्हा कधी म्हटलं नाही. बोलावणी खूप आली, बाहेरगावचीही. "त्या दिवशी भोंगा आला होता साथीला. आता त्येला कुटं घेऊन हिंडू?" असं म्हणून ते परतवून लावायचे.

चार-पाच वर्षांनी आमच्या ह्यांची बदली झाली आणि आम्ही सोलापूर सोडलं. गंगव्वा त्याच्या आदल्या थंडीत गेली होती. मास्तरांचा आवाजही त्याच सुमारास गेला. डॉक्टर झाले, काढे झाले, उपयोग झाला नाही. निघायच्या दिवशी टांगा दारात उभा होता, ट्रंका चढवून झाल्या होत्या, आणि मी घर शेवटचं झाडून अंगणात आले. मास्तर निंबाखाली बसले होते, गंगव्वा बसायची त्याच जागी. रुमाल काढून मांडीवर ठेवलेला. त्यांचे केस इतके पांढरे झाले होते हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"जरा बसा की, अक्का," ते म्हणाले. नुसता घोगरा वारा होता तो, पण ज दातांचा. मी बसले.

"गळा कसा आहे?"

"गळा बसली," ते म्हणाले. "आता उठत न्हाय ती."

आम्ही दोघंही हसलो.  टांगेवाल्यानं हाक मारली तशी मी उठले, वाकून नमस्कार केला, "येते मास्तर" म्हटलं आणि अंगणाच्या दारापाशी आले. मागून आवाज आला, "जरा."

मी थांबले. पुढं "थांबा" येईल, काहीतरी सांगायचं राहिलं असेल, म्हणून मागं वळले. थांबा आलं नाही. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. एक बोट गुडघ्यावर येल्लय्याचा तो लंगडा ठेका धरत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज टाळूचा होता.

मी पावलांचा आवाज होऊ दिला नाही. बाहेर पडले आणि अंगणाचं दार हळूच लोटून घेतलं.